मनगटाची नस जुळली, मग कोपराखालचा वेग का घटला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्या धाकट्या भावाच्या मनगटाला खिडकीची काच लागली आणि करंगळीच्या बाजूची अल्नर नस कापली गेली. त्याच रात्री सूक्ष्मदर्शकाखाली ती शिवली. आता करंगळीत झिणझिण्या आणि थोडाफार स्पर्श आलाय, पकडही सुधारतेय. पण परवाच्या नर्व्ह कंडक्शन (नसेतून विजेचा संदेश किती वेगानं जातो त्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये कोपर ते मनगट या पट्ट्यातला वेग सेकंदाला ४६ मीटर आलाय, दुसऱ्या हाताचा ५८. जखम मनगटाला, मग तिच्या वरच्या धड भागातला वेग का घटला? 'न्यूरोफिलामेंट ही प्रथिनं अ‍ॅक्सॉनची जाडी ठरवतात' असं पुस्तकात लिहिलंय, ते कितपत खरं? आणि तसं असेल तर प्रथिनांचा खुराक किंवा गोळ्या देऊन तंतू जाड करता येतील का?

उत्तराआधी माझाच एक रटाळ प्रश्न: तपासणीच्या वेळी भावाचा हात गरम होता का? नसेचा वेग तापमानाला फार हळवा असतो. हात एका अंशानं गार झाला की वेग सेकंदाला साधारण दीड ते अडीच मीटरनं उतरतो. एसी खोलीत वीस मिनिटं बसलेला हात तसाही गार पडतो, त्यात नस कापलेल्या भागात रक्तवाहिन्यांचं नियंत्रण बिघडलेलं असतं. त्यामुळे जखमी हात दुसऱ्यापेक्षा गार लागणं अगदी नेहमीचं. आमच्याकडे आधी त्वचेचं तापमान बघतात आणि ३२ अंशांच्या खाली असेल तर गरम पाण्याची पिशवी देऊन बसवून ठेवतात. पेशंट वैतागतात. पण गार हातांवर काढलेले, विनाकारण घाबरवणारे इतके रिपोर्ट मी पाहिलेत की याबाबतीत आता हट्टी झालेय. तरीही १२ मीटरचा फरक नुसत्या गारठ्यानं यायचा तर एक हात दुसऱ्यापेक्षा सहाएक अंशांनी गार हवा. तेवढा नसावा. म्हणजे आत काहीतरी खरंच बदललंय असं धरून पुढे जाऊ.

आपण मराठीत 'नस' कशालाही म्हणतो. रक्तवाहिनी ती नस, स्नायूचा बंध तीही नस, आणि रात्री पोटरीत गोळा आला की 'नसेवर नस चढली'. इथे नस म्हणजे मज्जातंतू, आणि तो एक तंतू नसून हजारो तंतूंची जुडी आहे. त्यातला प्रत्येक तंतू म्हणजे एका चेतापेशीचा लांबलचक फाटा, म्हणजेच अ‍ॅक्सॉन. जाड अ‍ॅक्सॉनभोवती श्वान पेशी (नसेतल्या, तंतूंना लपेटून राहणाऱ्या सहायक पेशी) मायलिन या चरबीयुक्त आवरणाचे वेढे घालतात, अगदी बारक्यांना ते नसतात. मायलिन असलेल्या तंतूंचा वेग जाडीच्या सरळ प्रमाणात वाढतो. १९३९ साली मांजराच्या नसांवर केलेल्या मोजणीतून आलेला ठोकताळा आम्ही अजून वापरतो: मायलिनसकट व्यासाच्या प्रत्येक मायक्रॉनमागे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागामागे) सेकंदाला सुमारे ६ मीटर. याच हिशोबानं तुमच्या भावाच्या रिपोर्टमधले ते १२ मीटर म्हणजे सगळ्यात वेगवान तंतूंच्या जाडीतले साधारण २ मायक्रॉन. केसाच्या जाडीचा पस्तिसावा-चाळिसावा भाग. यंत्राला एवढंही कळतं याचं मला अजून नवल वाटतं.

जाडीचा फरक घरबसल्या अनुभवायचा असेल तर उंबरठ्याला पायाचं बोट आपटावं. आधी टोचल्यासारखी लख्ख कळ येते, ती मायलिनवाल्या बारीक तंतूंतून. मग क्षणभर काहीच नाही, आणि नंतर ती जळजळणारी, डोळ्यांत पाणी आणणारी वेदना येते. ती आणणारे तंतू मायलिन नसलेले, जेमतेम एका मायक्रॉनचे, आणि सेकंदाला मीटर-दोन मीटर एवढ्याच चालीचे. पायापासून मेंदूपर्यंत यायला त्यांना सेकंद सहज लागतो.

पुस्तकातल्या त्या वाक्याबद्दल माझी तक्रार अशी की त्यातून अ‍ॅक्सॉनची 'वाढ' ही एकच गोष्ट वाटते. प्रत्यक्षात लांब होणं आणि जाड होणं हे दोन वेगवेगळे उद्योग आहेत. दोन्हींचे कारागीर वेगळे, वेळा वेगळ्या, आणि पुष्कळदा एक चालू असताना दुसरा बंद ठेवलेला असतो. तुमच्या भावाच्या रिपोर्टचं कोडंही याच फरकात आहे.

आधी लांबी. वाढत्या अ‍ॅक्सॉनच्या टोकाला पसरट पंजासारखा एक भाग असतो, त्याला ग्रोथ कोन म्हणतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांनी १८९० साली कोंबडीच्या भ्रूणात तो पाहिला, तोही रंगवलेल्या, मेलेल्या पेशींत. तो जिवंतपणी खरंच पुढे सरकतो हे रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणाचा तुकडा लसिकेच्या थेंबात ठेवून दाखवलं. या पंजाची बोटं अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाची असतात. अ‍ॅक्टिनचे धागे पुढच्या कडेला जुळत जातात आणि मागच्या बाजूला सुटत जातात. खाली धरायला योग्य पृष्ठभाग मिळाला की पंजा तिथे रुततो आणि पुढे सरकतो. कडा चढणारा बोटांनी खाच चाचपतो तसा. मागोमाग मायक्रोट्यूब्यूल येतात. या ट्यूब्युलिन प्रथिनाच्या २५ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या असतात (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग). पंजानं जागा धरली की या नळ्या तिथवर पोचतात आणि कच्चा रस्ता पक्का होतो. अ‍ॅक्सॉनमध्ये त्या सगळ्या एकाच दिशेनं तोंड करून असतात, त्यामुळे मालवाहू प्रथिनांना टोकाकडे कुठून जायचं आणि पेशीकडे कुठून परतायचं हे चुकत नाही.

हे रूळ किती महत्त्वाचे ते कर्करोगाच्या वॉर्डात दिसतं. व्हिन्क्रिस्टिन हे औषध मायक्रोट्यूब्यूल बनू देत नाही, पॅक्लिटॅक्सेल त्यांना उलट गोठवून ठेवतं. दोन्हींनी कर्करोगाच्या पेशींचं विभाजन थांबतं, आणि दोन्हींनी पायाच्या बोटांत मुंग्या येतात. विभाजन न होणाऱ्या चेतापेशीला विभाजनाचं औषध का बाधावं, असं विद्यार्थी विचारतात. कारण तिला त्याच नळ्यांवरून मीटरभर लांब माल पोचवायचा असतो.

हा माल किती, याचा हिशोब एकदा फळ्यावर करून बघा, तुमच्या दहावीच्या मुलांनाही जमेल. पायाचा स्नायू हलवणारी चेतापेशी ५० मायक्रॉन व्यासाचा गोळा धरा. तिचं आकारमान सुमारे ६५ हजार घन मायक्रॉन. तिचा अ‍ॅक्सॉन १० मायक्रॉन जाड आणि १ मीटर लांब धरला तर तो भरतो जवळजवळ ८ कोटी घन मायक्रॉन. म्हणजे पेशीपेक्षा बाराशे पट मोठा! एका खोलीत चूल आणि बाराशे खोल्यांना जेवण, असा हा संसार. तंतूच्या आतल्या सांगाड्याची प्रथिनं बहुतेक सगळी त्या एका खोलीतच बनतात आणि अतिशय संथ वाहतुकीनं खाली जातात. १९७५ साली पॉल हॉफमन आणि रेमंड लासेक यांनी किरणोत्सारी खूण लावलेल्या अमिनो आम्लांचा माग काढला, तेव्हा या संथ लाटेत तीन प्रथिनं कायम एकत्र चालताना दिसली. हेच न्यूरोफिलामेंटचं त्रिकूट. वेग दिवसाला ०.२ ते १ मिलिमीटर. पुढे २००० साली जिवंत पेशीत त्यांचं चित्रण झालं, तेव्हा लक्षात आलं की धागे धावतात तेव्हा चांगले जोरात धावतात, फक्त बहुतेक वेळ उभे असतात. गावोगाव थांबणाऱ्या एसटीची सरासरी काढली की काय होतं, तेच.

कापलेली नस दिवसाला मिलिमीटरभर वाढते असं तुम्हाला सर्जननी सांगितलं असेल. तो आकडाही याच वाहतुकीशी जोडलेला आहे. अ‍ॅक्टिन आणि ट्यूब्युलिन ज्या चालीनं खाली येतात, त्या चालीपेक्षा टोक फार पुढे पळू शकत नाही.

आता जाडी. न्यूरोफिलामेंट हे १० नॅनोमीटर जाडीचे, लांब, न फांदणारे धागे. त्यांचे तीन मुख्य घटक: हलका एनएफ-एल, मधला एनएफ-एम आणि जड एनएफ-एच. जोडीला मेंदू-मज्जारज्जूत अल्फा-इंटरनेक्सिन आणि बाहेरच्या नसांत पेरिफेरिन. एल हा धाग्याचा गाभा, त्याच्याविना धागा वळलाच जात नाही. एम आणि एच यांची लांब शेपटं धाग्यातून बाहेर चहूकडे निघालेली असतात, बाटली धुवायच्या ब्रशसारखी. जाड अ‍ॅक्सॉनचा आडवा छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की ठिपक्यांची रांगोळी घातल्यासारखं दिसतं. बहुतेक ठिपके न्यूरोफिलामेंटचे, मधूनमधून मायक्रोट्यूब्यूलची वर्तुळं. ठिपके मोजले आणि छेदाचं क्षेत्रफळ मोजलं तर दोन्ही बरोबरीनं वाढतात, हे १९७० च्या सुमारास उंदीर-घुशींच्या नसांत दाखवलं गेलं. बारक्या, मायलिन नसलेल्या तंतूंत मात्र चित्र उलटं असतं. तिथे मायक्रोट्यूब्यूलच जास्त.

पण बरोबरीनं वाढतात म्हणजे एकामुळे दुसरं वाढतं असं नाही. जागा मोठी म्हणून धागे जास्त मावले असंही असू शकेल. याचा निकाल लावला एका पक्ष्यानं. जपानमध्ये लाव्यांच्या एका वाणात काही पिल्लं सतत थरथरायची. त्यांच्या अ‍ॅक्सॉनमध्ये न्यूरोफिलामेंट औषधालाही नव्हते. १९९३ साली कारण सापडलं: एनएफ-एलच्या जनुकात एक अक्षर बदलून मध्येच पूर्णविराम पडला होता. पक्षी जगत होते, अ‍ॅक्सॉन आपापल्या ठिकाणी पोचले होते, म्हणजे लांबीचं काम न्यूरोफिलामेंटशिवाय झालं होतं. पण तंतू काडीसारखे बारीक राहिले आणि वेग मंदावला. पुढे एनएफ-एलचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांतही तेच दिसलं, शिवाय त्यांच्या कापलेल्या नसा पुन्हा वाढून भरायला बराच जास्त वेळ लागला. तेव्हा तुमच्या पुस्तकातलं वाक्य खोटं नाही. ते अर्धवट आहे.

अर्धवट का, ते सांगते. जाडीला धाग्यांची संख्या पुरत नाही, मिश्रण जुळावं लागतं. उंदरात एकटा एल वाढवून जाडी वाढत नाही. एलबरोबर एम किंवा एच वाढवला तर वाढते. आणि एकटा एच भरमसाट वाढवला तर माल पेशीपाशीच तुंबून बसतो, पुढचा अ‍ॅक्सॉन उलट वाळतो. म्हणजे लाडू वळताना नुसता पाक ओतत राहिलं तर लाडू मोठा होत नाही, बसतो.

मग शेपटांचं काय? आम्ही शिकलो तेव्हाची गोष्ट अशी होती: एम आणि एचच्या शेपटांवर लायसिन-सेरीन-प्रोलिन अशी तिकडी पुन्हा पुन्हा येते, त्यातल्या सेरीनवर फॉस्फेट बसतात, फॉस्फेट ऋणभारित, ऋणभार एकमेकांना ढकलतात, धागे लांब लांब राहतात, अ‍ॅक्सॉन फुगतो. ऐकायला सुरेख. फळ्यावर काढायला तर फारच सुरेख, मी स्वतः कित्येक वर्षं काढत आले. पण उंदरांना ते फळ्यावरचं चित्र ठाऊक नव्हतं. एचचं शेपूट छाटलं तरी प्रौढपणी जाडीत फारसा फरक पडला नाही. २००३ मध्ये एमचं शेपूट छाटल्यावर मात्र तंतू ठळकपणे बारीक राहिले. म्हणजे काम मधल्या भावाचं होतं, मोठ्याचं नाही. बरं, मग एमच्या शेपटावरचे फॉस्फेट महत्त्वाचे असणार! २००९ मध्ये त्या सेरीनच बदलून टाकल्या, जेणेकरून फॉस्फेट बसूच नयेत. जाडी जवळजवळ नेहमीसारखीच झाली. शेपूट हवं, पण त्यावरच्या फॉस्फेटशिवाय त्याचं चालतं. तुम्ही वर्गात ढकलाढकलीची गोष्ट सांगत असाल तर तिच्यापुढे हा प्रयोगही जरूर सांगा.

जाडीच्या बाबतीत आणखी एक प्रथिनांची जोडी अलीकडे पुढे आली आहे. २०१३ मध्ये हार्वर्डमधल्या शाओवेई झुआंग यांच्या गटानं अतिसूक्ष्म प्रतिमा घेण्याच्या तंत्रानं दाखवलं की अ‍ॅक्सॉनच्या पडद्याच्या आतून अ‍ॅक्टिनची गोल कडी बसवलेली असतात, दर १९० नॅनोमीटरवर एक, आणि दोन कड्यांच्या मध्ये स्पेक्ट्रिनचे ताणलेले दुवे. जुन्या लाकडी पिंपाच्या लोखंडी पट्ट्या आठवा. न्यूरोफिलामेंट आतून भरतात, ही कडी बाहेरून आवळून धरतात. स्पेक्ट्रिन नसलेल्या सूत्रकृमींत तर अ‍ॅक्सॉन बरे वाढतात, पण कृमी वळवळला की ताणानं तुटतात. आपण कोपर दिवसातून शेकडो वेळा दुमडतो आणि अल्नर नस दर वेळी त्याच्या मागून ओढली जाते, हे लक्षात घेतलं की या कड्यांचं मोल कळतं.

इथवर सगळं चेतापेशीच्या आतलं. पण जाडी ती एकटी ठरवत नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे, आणि पुस्तकं नेमकी ती एका ओळीत संपवतात.

ट्रेम्बलर नावाचा उंदरांचा एक वाण आहे. त्याच्या श्वान पेशींत पीएमपी-२२ या प्रथिनाचा दोष असतो, त्यामुळे मायलिन नीट चढत नाही. चेतापेशी निर्दोष. तरीही अ‍ॅक्सॉन बारीक, आणि आतले न्यूरोफिलामेंट दाटीवाटीनं चिकटलेले, फॉस्फेट कमी. मग संशोधकांनी ट्रेम्बलरच्या नसेचा छोटा तुकडा निरोगी उंदराच्या नसेत मध्येच जोडला. निरोगी अ‍ॅक्सॉन त्यातून वाढत पलीकडे गेले. ते तुकड्याच्या आधी जाड, तुकड्यात बारीक, आणि तुकडा ओलांडल्यावर पुन्हा जाड! तोच अ‍ॅक्सॉन, तीच प्रथिनं, फक्त त्या तेवढ्या भागात शेजारी वेगळा. १९९२ साली डी वेग, व्हर्जिनिया ली आणि स्कॉट ब्रेडी यांनी यातला न्यूरोफिलामेंटचा धागा उलगडला. मायलिन चढवणारी श्वान पेशी अ‍ॅक्सॉनला जणू सांगते की इथे माल उतरव. धागे तिथे रेंगाळतात, साचतात, अंतरानं पसरतात, आणि तेवढा भाग फुगतो. निरोगी नसेतही हे दिसतं. दोन मायलिनच्या मधली जी उघडी जागा, रॅन्व्हिअरची गाठ, तिथे जाड अ‍ॅक्सॉन बाकीच्या निम्म्याहूनही बारीक होतो. आपण तिला गाठ म्हणतो, पण खरं तर ती कंबर आहे.

याचं आपल्याकडचं, दुःखद उदाहरण कुष्ठरोगाचं. कुष्ठरोगाचे जंतू श्वान पेशीतच घर करतात. कोपरामागची अल्नर नस बोटांनी चाचपली की ती दोरखंडासारखी जाड लागते, आणि आमच्या पिढीतल्या प्रत्येक डॉक्टरला ती खूण शिकवली गेली. पण ती जाडी सुजेची आणि दाहाची. आतले अ‍ॅक्सॉन रोडावलेले असतात. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये डॉ. नोशीर अंतिया आणि डॉ. वनजा शेट्टी यांच्या गटानं अशा नसा वर्षानुवर्षं तपासल्या, आणि २००४ साली त्यांनी दाखवलं की कुष्ठरोगाच्या नसांत न्यूरोफिलामेंटवरचे फॉस्फेट घटलेले असतात. श्वान पेशी बिघडली की अ‍ॅक्सॉनचा सांगाडा बिघडतो, ही ट्रेम्बलर उंदराचीच गोष्ट, माणसाच्या हातात.

आता तुमचा पहिला प्रश्न. नस कापली की चेतापेशीला तिची वर्दी मिळते आणि ती आपलं अंदाजपत्रक बदलते. ट्यूब्युलिन आणि अ‍ॅक्टिन जास्त, न्यूरोफिलामेंट कमी. पावसाच्या तोंडावर घरधनी आधी छप्पर शाकारतो, भिंतींचा गिलावा दिवाळीवर टाकतो, तसंच. टोकाला लांब व्हायला ट्यूब्युलिन लागतं, न्यूरोफिलामेंट तिथे बिनकामाचे. त्यामुळे एनएफ-एल बनवण्याचा जनुकाचा संदेश कमी होतो, पेशीतून नवे धागे कमी निघतात, आणि वरचा न कापलेला अ‍ॅक्सॉन हळूहळू रोडावतो. जखमेच्या वरच्या भागात तंतू बारीक होतात आणि वेग घटतो, हे क्रॅग आणि थॉमस यांनी सशांच्या नसांत १९६१ सालीच मोजलं होतं. त्यामागे न्यूरोफिलामेंट जनुकाची घटलेली अभिव्यक्ती आहे हे हॉफमन, क्लीव्हलँड, ग्रिफिन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलं. उंदराच्या बोटभर पायात ही रोडावण्याची लाट पेशीपासून सुरू होऊन संथ वाहतुकीच्याच चालीनं खाली सरकताना पकडता येते. माणसाच्या लांब हातात ती उतरायलाच महिने लागतात. म्हणून चौदाव्या महिन्यात वेग कमी दिसणं मला विचित्र वाटत नाही.

एक दुसरं कारणही सोबत असतं. हा वेग आपण हाताच्या स्नायूवर पट्टी लावून मोजतो. म्हणजे जे तंतू शिवणीतून पार होऊन स्नायूपर्यंत पोचले, त्यांचाच वेग कळतो. सगळ्यात वेगवान तंतू अजून वाटेत असतील किंवा चुकून कातडीकडे वळले असतील, तर शर्यतीत उरलेल्यांचाच निकाल लागतो. रोडावणं किती आणि ही गळती किती, हे त्या एका आकड्यातून वेगळं काढता येत नाही. पण दोन्हींपैकी कशाचाच अर्थ 'वरची नस खराब होतेय' असा नाही.

दिलासा असा की अ‍ॅक्सॉन पुन्हा स्नायूला किंवा त्वचेला जाऊन भिडला की पेशी न्यूरोफिलामेंटचं उत्पादन परत वाढवते आणि जाडी बरीचशी भरून येते. उंदरांत जुळणी होऊच दिली नाही तर तंतू बारीकच राहतात. म्हणजे पोचणं आधी, भरणं मागाहून. शिवणीच्या खालचा भाग मात्र पूर्ववत होणार नाही. तिथे श्वान पेशींनी मायलिनचे नवे तुकडे घातलेत ते आखूड असतात, गाठी जास्त आणि जवळजवळ. त्या भागात वेग कायमचा थोडा कमी राहतो, आणि हाताच्या कामात त्यानं फरक पडत नाही.

उरला खुराकाचा आणि गोळ्यांचा प्रश्न. न्यूरोफिलामेंट हे प्रथिन खरं, पण पावडर खाल्ली म्हणून पेशी ते जास्त बनवत नाही. वरण-भात, अंडी, उसळी खाणाऱ्या तरुणाच्या पेशीला अमिनो आम्लांची ददात नसते. अडलेलं असतं ते जनुकाच्या हुकुमापाशी आणि वाहतुकीपाशी. बी-१२ कमी असेल तर जरूर भरून काढा. शुद्ध शाकाहारी घरांत ते कमी असणं नेहमीचंच, आणि त्यानं नसा स्वतंत्रपणे बिघडतात. पण रक्तातलं बी-१२ नीट असताना मेकोबालामिन (बी-१२ चंच एक रूप) घेत राहून अ‍ॅक्सॉन जाड झालेला मी पाहिलेला नाही. उलट 'नसांच्या ताकदीच्या' गोळ्यांत बी-६ भरपूर असेल आणि त्या महिनोन्‌महिने चालू राहिल्या तर बी-६ स्वतःच संवेदनांच्या नसा बिघडवतं. पाकीट उलटून बघा, आणि अशा दोन-तीन गोळ्या एकदम चालू असतील तर आधी त्या कमी करून घ्या.

शिवाय जाडी नुसती वाढली म्हणजे बरं, असंही नाही. जायंट अ‍ॅक्सोनल न्यूरोपथी नावाच्या दुर्मिळ आनुवंशिक आजारात जुने न्यूरोफिलामेंट मोडीत काढायला मदत करणारं गिगॅक्सोनिन नीट बनत नाही. मुलांचे केस राठ, कुरळे. अ‍ॅक्सॉन धाग्यांनी ठासून फुगलेले. आणि पायांची ताकद वर्षागणिक जात राहते. तसंच काहीसं एन-हेक्झेन या द्रावकानं होतं. १९६० च्या दशकात जपानमध्ये सँडल चिकटवण्याचं काम करणाऱ्या कामगारांच्या पायांतली शक्ती गेली, तेव्हा ते उजेडात आलं. शरीरात त्याचं जे रूप बनतं ते न्यूरोफिलामेंट एकमेकांना जखडून टाकतं, आणि गाठींच्या अलीकडे अ‍ॅक्सॉन फुगे आल्यासारखा सुजतो. चपला-पिशव्यांच्या कारखान्यात, बंद खोलीत सोल्युशन लावणाऱ्या कुणाच्या पायांना मुंग्या येत असतील तर मी साखर तपासायच्या आधी त्या डब्याचं लेबल मागवते.

आणखी एक, कारण कुणीतरी सुचवेलच. अ‍ॅक्सॉन मोडला की न्यूरोफिलामेंट रक्तात झिरपतात, आणि हल्ली ते मोजता येतात. एएलएससारख्या (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी झिजवणाऱ्या) आजारांत ही तपासणी मोलाची ठरलीय. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं टोफर्सन या औषधाला वेगवान मान्यता दिली ती रक्तातला एनएफ-एल उतरल्याच्या आधारावर. शिवलेल्या अल्नर नसेसाठी तिचा काही उपयोग नाही, पैसे वाचवा.

भावाची पुढची तपासणी सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच ठिकाणी करा. रिपोर्टमध्ये वेगाच्या रकान्याआधी अ‍ॅम्प्लिट्यूडचा, म्हणजे संदेशाच्या उंचीचा आकडा बघा. किती तंतू पोचले ते तिथे दिसतं, आणि तो आकडा दर खेपेला चढत असेल तर वेग ४६ वर अडकला तरी मला चिंता नाही. तोवर करंगळीला चटका बसणार नाही एवढं सांभाळा. चहाचा ग्लास, कुकरचं झाकण, मोटरसायकलचा सायलेन्सर, यांचे भाजल्याचे फोड कळतात ते बहुतेकदा दुसऱ्या दिवशीच. आणि घरी बघायची एक गोष्ट: त्याला अंगठा आणि तर्जनीच्या बाजूमध्ये वर्तमानपत्राचा कागद धरायला सांगा आणि तुम्ही तो ओढा. अंगठ्याचं टोक वाकवून तो कागद वाचवत असेल तर अल्नरचा स्नायू अजून कमजोर आहे. अंगठा सरळ ठेवून धरता आला, आणि तर्जनीच्या मुळाशी हाताच्या पाठीवर पडलेला खड्डा भरत आलेला दिसला, तर मला कळवा.